जन्मतः की संगतीनं

शेजारचे काका सातपूरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेत. रोज सकाळी ते आमच्याकडे पेपर वाचायला येतात आणि चष्मा पुसत एखादा प्रश्न टाकतात. गेले काही महिने प्रश्न एकाच दिशेचे होते. "वहिनी, पुरुषाला पुरुषच आवडणं हे रक्तातच असतं म्हणे. की संगतीनं होतं?" किंवा, "मग जुळ्यांतला एक तसा आणि दुसरा नाही, हे कसं?"

माझा मुलगा पुण्यात त्याच्या जोडीदारासोबत राहतो. काकांना हे कुठून कळलं असेल, या विचारानं मी अस्वस्थ व्हायचे आणि चहा पुढे करून विषय बदलायचे.

मुलगा दिवाळीला आला, तेव्हा काकांनी त्यालाच गाठलं. "तू शिकलेला आहेस. नक्की काय ते सांग."

"शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही, काका," तो शांतपणे म्हणाला. "थोडं जनुकांमुळे असावं, थोडं आणखी कशाकशामुळे. पण मी ठरवून असा झालो नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे कितीही मारलं तरी ते गेलं नसतं."

चहा तसाच ठेवून ते उठले. त्यांचा मुलगा परदेशी असतो, असं ते सांगत आलेत. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही.