घासलेला नंबर

"मैडम, आठ दिन. उसके बाद ये पूरा पैनल कबाड़ में."

सेठजी पॅनलसमोर, म्हणजे मिल चालवणाऱ्या विजेच्या कपाटासमोर, उभं राहून बोलत होते. रायपूरजवळच्या उरल्यातली त्यांची ही जुनी रोलिंग मिल, म्हणजे लोखंड तापवून, दाबून त्याच्या सळ्या काढायचा कारखाना. शेजारीच त्यांची नवी मिल आहे. जुनी बंद करायला निमित्त हवंच होतं, ते शिअरच्या बंद पडलेल्या कार्डानं दिलं.

शिअर म्हणजे कात्री. लालभडक सळी धावत येते, थांबत नाही. तिला धावताधावताच मापात कापावं लागतं, आणि केव्हा कापायचं ते एक इलेक्ट्रॉनिक कार्ड ठरवतं. कार्ड बंद म्हणजे मिल बंद.

सेठजी गेल्यावर तिथला इलेक्ट्रिकल फोरमन वानखेडे जवळ आला.

"ताई, नव्या मिलमदे आमच्यातले चार-पाचच घेतीन. बाकीचे पंधरा जन कुठं जातीन? काहीतरी करा न."

"करते," म्हटलं. कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

भनपुरीला माझं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. कार्ड तिथं आणलं. मधोमध चाळीस पायांची मोठी चिप, म्हणजे मायक्रोप्रोसेसर. कार्डाचा मेंदूच तो. कुठल्या पायाचं काम काय, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल शोधायला चिपचा नंबर लागतो. आणि नंबर कोणीतरी पॉलिश पेपरनं घासून काढला होता. वर निळ्या नेलपॉलिशचा थर.

हे कोण्या चोराचं काम नव्हे, आमच्याच धंद्यातली जुनी रीत आहे. नंबर दिसला की दुसरा कोणीही दुरुस्ती करू शकतो. म्हणून मेकॅनिक नंबर घासायचे आणि वर आपापला रंग लावायचे. सुरुवातीला मीही घासलेत, माझा रंग हिरवा होता.

तीन दिवस मी नंबराशिवाय झगडले. वीज कुठल्या पायातून येते ते शोधलं, तर एकोणचाळीस. ग्राउंड, म्हणजे वीज परत जायचा पाय, एकवीस. माझ्याकडच्या एकाही पुस्तकात असा प्रोसेसर नव्हता. एका ओळीवर, म्हणजे चिपच्या पायाला जोडलेल्या वाटेवर, पाच व्होल्ट स्थिर दिसत होते. ती रीसेटची ओळ असावी असं सर्किटवरून वाटलं. रीसेट म्हणजे चिपला 'पहिल्यापासून सुरू कर' म्हणून सांगणारा पाय. मी पाहिलेल्या चिप्समध्ये ही ओळ वर, म्हणजे पाच व्होल्टवर, असली की सगळं ठीक असतं. मी टिक मारून पुढे गेले.

चौथ्या दिवशी तात्यापाऱ्यात गेले. रायपुरात निळा रंग एकाच माणसाचा होता. देशकर सर. त्यांच्याकडे सात वर्षं काम शिकले आणि भांडून बाहेर पडले, कारण डेटाबुकांच्या, म्हणजे चिप्सच्या माहितीच्या पुस्तकांच्या, कपाटाची किल्ली त्यांनी मला कधी दिली नाही. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. जिना चढून दार वाजवलं.

सरांनी दार उघडलं. आता ते फार थकले होते.

"काहून आली?"

मी कार्ड पुढे केलं. "रंग तुमचा आहे, सर. नंबर हवाय."

त्यांनी ते भिंगाखाली धरलं, उलटंपालटं केलं.

"मले बी नाही आठवत," ते म्हणाले. "लई वर्ष झाले."

"तुमची पुस्तकं?"

"पोट्ट्यानं घर रंगवलं तवा रद्दीत देल्ली."

मला संताप आला. ज्या कपाटासाठी आम्ही तोंडं फिरवली, ते रद्दीत गेलं होतं. मी कार्ड उचलायला लागले.

"चिप काढून पाह्यली काय?" सरांनी विचारलं.

"नाही. पाय काळे पडून ठिसूळ झालेत. तुटले तर दुसरी मिळणार नाही."

"काढ. नंबर घासायच्या आंधी मी चिपच्या खाली बोर्डावर लिहून ठेवत होतो. माह्यासाठी."

सात वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

त्यांच्याच टेबलावर बसले. दोन बारीक स्क्रूड्रायव्हर, एकदा या टोकानं केसभर, एकदा त्या टोकानं. सरांनी दिवा धरला होता, तो हलत होता. चिप निघाली. एक पाय तुटून सॉकेटमध्ये, चिप बसवायच्या खाचेतच, राहिला.

"बुडखा शिल्लक हाय न? त्याले तार जोड," सर म्हणाले. "अन् नंबर वाच पयले."

बोर्डावर पेननं लिहिलं होतं: 2650.

आता मॅन्युअल. इंटरनेटवर आधी नुसते विक्रेतेच भेटले, कोणाकडे कागद नाही. दोन दिवस पिच्छा पुरवल्यावर परदेशातल्या एका हौशी माणसाची साइट सापडली. त्यानं अख्खं मॅन्युअल स्कॅन करून ठेवलं होतं, पानं तिरपी, कडेला अंगठा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली आणि तिथेच उभ्यानं वाचायला घेतली.

रीसेटचं पान आलं. या चिपची रीत उलटी होती. ओळ खाली असेल तर काम चालतं, वर असेल तर चिप नुसती थांबून राहते. म्हणजे मी टिक मारलेली ओळच दोषी होती. एक छोटा ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारा भाग, बिघडला होता, म्हणून ती वरच अडकली होती. तुटल्या पायाला तार जोडली, ट्रान्झिस्टर बदलला.

आठव्या दिवशी दुपारी मिल चालू झाली. पहिल्या सळीचं माप वानखेड्यानं स्वतः टेपनं घेतलं, मग पुन्हा घेतलं. सेठजी म्हणाले, "ठीक है, चलने दो." पंधरा जणांपैकी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या जागी गेले, बस.

मी पॅनलच्या दारावर मार्करनं मोठ्या अक्षरात नंबर लिहिला. मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत अडकवलं. रीसेटच्या पानावर खूण केली.

काही महिन्यांनी वानखेड्याचा फोन आला.

"ताई, कार्ड पुन्हा अडकलं होतं. तेच पान काढलं, ट्रान्झिस्टर बदलला. चालू झालं. म्हटलं तुमाले सांगावं."

"शाब्बास," म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं. नंबर आणि मॅन्युअल हाताशी होतं, म्हणून मला कोणी बोलावलं नव्हतं; काम गेलं, पैसेही गेले. सर नंबर का घासत होते, ते इतक्या वर्षांनी तेव्हा नीट कळलं. तरी टेबलावरच्या दुसऱ्या कार्डावर मार्करनं नंबर लिहिला.