ग्लास धरायला हात नव्हता

२०१७ मध्ये मी डहाणूच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि शनिवार-रविवार नरपडच्या एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर बसायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुठेही बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायची सवय आहे. त्या दिवशी मात्र तसंच बोलून गेले.

रिसॉर्टमध्ये नवा बार सुरू होणार होता. पहिल्या संध्याकाळी कॉकटेलच्या जोडीला काहीतरी इथलं संगीत पाहिजे, असं मॅनेजर म्हणाले.

"सर, माझे बाबा तारपा वाजवतात."

"किती वेळ?"

"दम असेपर्यंत, सर."

आमच्या गंजाडच्या पाड्यावर आता लग्नात डीजे येतो. बाबांचा तारपा, भोपळ्याचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, नवं भात घरात आलं की थोडे दिवस वाजतो, मग वर्षभर भिंतीला. डीजे सुरू झाला की बाबा "बैलांना पाणी दाखवून येतो" म्हणून उठतात. बैल विकून दोन वर्षं झाली होती. मला एवढंच वाटायचं की परक्या लोकांनी त्यांना एकदा नीट ऐकावं आणि पुन्हा बोलवावं.

बाबांनी एकच विचारलं. "तिथे ताडी असेल ना?"

"कॉकटेल असेल."

"ते कशाचं?"

यादी मला पाठ होती. "अननसाचा रस, नारळाचं दूध, त्यात दारू आणि वर कागदाची छत्री."

"छत्री कशाला? पाऊस तर संपला."

बाबांच्या मते तारपा आणि ताडी ही सख्खी भावंडं. एका सुकलेल्या भोपळ्यात ताडी भरायची, दुसऱ्यात वारा. तारप्याचं पुढचं तोंडही ताडाच्या पानाचंच. सकाळची ताडी गोड, तेव्हा चाल संथ. उन्हं कलली की ताडी आंबते आणि चालही चढते. मी हे सगळं कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं होतं. मॅडमनी समासात लाल शाईने विचारलं, 'संदर्भ?' माझा संदर्भ तेव्हा अंगणात विडी ओढत बसला होता.

शनिवारी दिवस मावळताना आम्ही पोचलो. बाबा, मी आणि आत्या. बारवाल्या दादाने बाबांच्या हातात ग्लास दिला. बाबांनी छत्री मिटून खिशात घातली आणि रीतीप्रमाणे पहिले थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडले. जमीन म्हणजे नवीन पॉलिश केलेली लाकडी फरशी होती. पाहुण्यांना वाटलं, कॉकटेल असंच प्यायचं असतं. त्यांनीही आपापले ग्लास वाकडे केले. मॅनेजर फडकं शोधत आत पळाले.

ते परत येईपर्यंत तारपा सुरू झाला होता.

मॅनेजरांचा हिशोब असा की लोक खुर्चीत बसून ऐकतील आणि पीत राहतील. पण तारपा ऐकत कोणी बसत नाही, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. आत्याने दोन पाहुण्यांच्या कमरेत हात घातले. त्यांनी शेजारच्यांच्या. बघता बघता साखळी झाली, आणि साखळीत दोन्ही हात शेजाऱ्याच्या कमरेला. ग्लास धरायला हातच नाही. एका जाड्या गृहस्थांनी एक फेरी ग्लास दातात धरून काढली, मग तो पायरीवर ठेवून दिला. फरशी निसरडी झालेली, म्हणून वाजवत वाजवत बाबा खाली वाळूत उतरले. तारप्याला पाठ दाखवायची नसते, असं आत्याने सगळ्यांना दटावून ठेवलं होतं. त्यामुळे अख्खा बार त्यांच्या मागे वाळूत गेला. काउंटरवर बारवाला दादा आणि चिरलेली लिंबं उरली. थोड्या वेळाने नुसती लिंबं.

मॅनेजर माझ्यापाशी आले. "अगं, एकही ऑर्डर नाही. हे थांबणार कधी?"

"दम संपला की, सर."

"कोणाचा?"

"बाबांचा. पण त्यांचा उशिरा संपतो."

अखेर तारपा थांबला. घामाघूम लोक काउंटरकडे धावत सुटले. मॅनेजरांचा चेहरा उजळला. सगळ्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मला म्हणाले, "काका छान वाजवतात. पुन्हा बोलवू. फक्त बसून, पंधरा मिनिटं, आणि नाच नको."

हे घरी कसं सांगायचं, याचं वाक्य मी दोनदा नाही, दहादा जुळवलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बसून ऐकायला त्या काय बातम्या आहेत?"

विषय तिथेच मिटला. तारपा भिंतीवर गेला आणि मला रिसेप्शनवर बसायची लाज वाटू लागली. बाबांची नाही, माझीच. त्यांना आशा मी लावली होती.

दोन आठवड्यांनी दुपारी पाड्यावर मोटरसायकल आली. पुढे बारवाला दादा, मागे ते जाडे गृहस्थ.

"काका आहेत का? आज सुट्टी टाकलीय," दादा म्हणाला.

बाबांनी ताडी ओतली. दादाने खिशातून लिंबू काढलं. बाबांनी ते काढून घेतलं.

"हिच्यात काही घालायचं नसतं रे."

दादाने मान हलवली आणि कोणी न सांगता पहिले थेंब अंगणात सांडले. जाडे गृहस्थ तोवर आत्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते, दोन्ही हात मोकळे ठेवून.

पलीकडच्या पाड्यावर लग्नाचा डीजे लागला. बाबा उठले. मला वाटलं, निघाले बैलांना पाणी दाखवायला. ते आत गेले आणि तारपा घेऊन बाहेर आले.