दमलेली मेमरी

माजलगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो माणूस बिघाड ऐकताना डोळे मिटून घेतो. 'खराब' हा शब्द त्याच्या तोंडी नसतो. "दमलंय जरा," एवढंच म्हणतो.

माझी मुलगी घरी लग्नपत्रिका तयार करते. तिचा कॉम्प्युटर ऐन कामात बंद पडायला लागला. मी तो त्याच्याकडे नेला. त्यानं तपासणी लावली तर मेमरीच्या चुका लाल ओळींनी भराभर उमटल्या. मग त्यानं सेटिंगमध्ये शिरून मेमरीचं व्होल्टेज वाढवलं. आकडे बघायची मला सवय, १.५०चे १.८० झाले. पुन्हा तपासलं, एकही चूक नाही.

"बगा काका, मेमरीला ताकत दिली. नव्यावानी झालं!"

उन्हाळ्यात मेमरी जळाली, मदरबोर्डही गेला. मेमरीवरच्या चिठ्ठीत १.५ व्होल्ट स्वच्छ छापलेलं होतं. ती घेऊन मी दुकानात गेलो. तिथं दिंद्रुडचा एक जण आपलं मशीन न्यायला उभा होता. त्याच्याही पडद्यावर तेच १.८०.

मी त्याला म्हणालो, "नवी मेमरी घाला. हे असं जळून जाईल."

तो माझ्यावरच उखडला. "चालू झालंय न्हवं? तुमी कावून मधी पडता? नवी तुमी घिऊन देता का?"

तो गेल्यावर दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, या खेपेला डोळे उघडे ठेवून.

"खरं सांगितलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय, काका."

मुलगी आता पत्रिका करायला दुसऱ्याच्या छापखान्यात पगारावर जाते.