चित्रातली भातलावणी

माझं पहिलं चित्रांचं पुस्तक आलं तेव्हा मी महिनाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. शब्द माझे, चित्रं पुण्याच्या एका चित्रकार मुलीची आणि गोष्ट माझ्या आईची, म्हणजे कडावच्या आमच्या खाचरात भात लावणाऱ्या बाईची. एका पेपरात कौतुक छापून आलं. पुस्तकाला मातीचा वास येतो म्हणे. मी हुंगून पाहिलं, शाईचा येत होता. तरी कात्रण कापून पर्समध्ये ठेवलं. पळसदरीला शनिवार-रविवार राहायला येणाऱ्या एका बाईंनी पाच प्रती नेल्या आणि शेतीचं इतकं अस्सल चित्रण पाहिलंच नव्हतं, असं सांगितलं. त्यांनी शेतीच पाहिली नव्हती, हे मी मनावर घेतलं नाही.

फक्त आई बोलेना. पहिली प्रत तिच्या हातात दिली, तर तिने चष्मा लावून पानं उलटली, पुस्तक फ्रिजवर ठेवलं आणि "जेवतेस ना?" म्हणाली. बस्स! जिच्यावर लिहिलं तिच्याच तोंडून एक चांगला शब्द निघू नये? बाकीचं सगळं कौतुक मी त्या एका शब्दासाठी देऊन टाकलं असतं. आडून विचारलं, उघड विचारलं, शेवटी रुसून दोन दिवस कर्जतहून फोन केला नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मग कडावच्या शाळेने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि पुस्तकाचं वाचन. आई पुढच्याच रांगेत बसलेली. मी आधी कात्रण वाचलं, मग लावणीचं पान उघडून मुलांसमोर धरलं. दुसरीतली एक मुलगी उठून उभी राहिली.

"बाई, ही पुढं चालतेय."

"मग?"

"मग लावलेलं तुडवतेय ना सगळं!"

भात लावतात मागे सरकत. रोपं समोर रोवायची आणि पाऊल मागे टाकायचं. चित्रातली आई मात्र समोर रोपं लावून, हसत हसत, त्यांच्यावरच पाय देत निघाली होती. बायकांनी तोंडाला पदर लावले. मागून एकजण ओरडली, "हिला पुन्यांदा नको गं बोलवू लावणीला!" छापायच्या आधी ती चित्रं मी तीनदा तपासली होती आणि तिन्ही वेळा 'छान' लिहून पाठवलं होतं.

घरी आल्यावर मी सगळा राग आईवर काढला. "तुला दिसलं नव्हतं?"

"पयल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळी तुजं कवतिक करत व्हती. मी कशाला मोडता घालू?"

मग तिनेच पदर खोचला आणि अंगणात वाकून, हातात गवताची मूठ घेऊन, एक एक पाऊल मागे टाकत लावणी करून दाखवली. मी फोनवर व्हिडिओ घेतला आणि चित्रकार मुलीला पाठवला. पण लाज जाईना.

"ती पुण्याची, तिचं ठीक आहे," मी म्हणाले. "मी इथे वाढले. मला कसं नाही दिसलं?"

"तुला कसं दिसंल?" कमरेवर हात ठेवून आई सावकाश सरळ झाली. "तू बांधावर पुस्तक घिऊन बसायचीस. मीच बसवायची. चिखलात उतरूच दिली नाय तुला."