विजूचा तलाव आणि माझी एक अट

शाळेत नीडलवर्कच्या तासाला मी आणि विजू एकाच बाकावर बसायचो. सिस्टर प्रत्येकीचं कापड आधी उलटं करून बघायच्या... माझी मागची बाजू स्वच्छ, विजूच्या मागे नुसता दोऱ्यांचा गुंता. तरी वर्गाच्या भिंतीवर लागायचं ते विजूचंच.

परवा मुलुंडला महिला मंडळाच्या प्रदर्शनात पुन्हा तेच झालं. विजूने क्रॉस-स्टिचमध्ये पवईचा तलाव भरला होता, आणि बोर्डावर टाचलेल्या त्या कापडापुढून बायका हलत नव्हत्या.

त्याचा आराखडा माझ्या प्रोग्रॅमने केलेला. नोकरीभर कोडिंग केलं, निवृत्त झाल्यावर हौसेने हा लिहिला. फोटो दिला की टाक्यांचा आलेख मिळतो... मुक्त सॉफ्टवेअर म्हणून सगळ्यांसाठी ठेवलाय, कोणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा.

विजूने मला हाताला धरून पुढे ओढलं. "अगं, हिच्या प्रोग्रॅमशिवाय मला जमलंच नसतं!" सगळ्या माझ्याकडे बघून गोड हसल्या... आणि परत तलावाकडे वळल्या. मी चहासुद्धा न घेता घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅमसोबतच्या लायसन्सच्या, म्हणजे अटींच्या, फाइलमध्ये एक ओळ टाकली... ‘प्रदर्शनात मांडायच्या कामासाठी वापरू नये.’ मग ती फाइल जुन्या ऑफिसातल्या शुभांगीला नजर टाकायला पाठवली. तिचा लगेच फोन.

"वेडी आहेस का गं? कोणी कशासाठी वापरायचं यावर अट घातलीस, तर ते मुक्त कसलं? अटी लागतात त्या दुसऱ्याला देताना. स्वतःपुरतं वापरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही."

"पण प्रोग्रॅम माझा आहे ना?"

"सगळा? रंग जुळवणारा भाग कोणाचा घेतलास? पुढे देताना जास्तीच्या अटी लावायच्या नाहीत, असं त्याच्या लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलंय. त्या माणसाने तुला विचारलं होतं, तू काय भरणार म्हणून?"

नव्हतं विचारलं. तो कुठल्या देशातला, तेही मला माहीत नाही... ओळ काढून टाकली. जळफळाट मात्र तिथेच राहिला.

संध्याकाळी विजूचा मेसेज. तिच्या सुनेने प्रोग्रॅममध्ये आपल्याकडे मिळणाऱ्या दोऱ्यांच्या रंगांचे नंबर घातलेत, आणि बोरिवलीच्या क्लासमधल्या बायकांना तो हवाय. देऊ का? विचारायची गरज नव्हती... तरी तिने विचारलं.

तर विजू, इथेच लिहून सांगते, सगळ्या वाचणाऱ्यांसमोर. क्लासच्या बायकांना प्रोग्रॅम दे, सुनेच्या बदलांसकट. सोबत पूर्ण सोर्स कोड दे, म्हणजे कापडाची मागची बाजू. तो बदलायची आणि पुढे द्यायची तीच मोकळीक त्यांनाही दे, आणि माझं नाव आहे तिथे राहू दे. त्या काय भरतील, कुठे मांडतील, ते त्यांचं त्या बघतील.

दोऱ्यांचे नंबर मलाही पाठव. सुनेला माझ्याकडून शाबासकी सांग.

आणि तो तलाव फ्रेमवाल्याकडे टाकायच्या आधी एक दिवस मला दे... उलटा करून बघायचाय.