अर्धशिशीचा रकाना

माझं डोकं दुखतं यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही. त्यात दुखण्याजोगं काही आहे, यावरच नाही. संस्थानी काळात, मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कचेरीत कारकून असताना, एका माणसानं मात्र तो विश्वास ठेवला होता.

जयेंद्रगंजच्या दवाखान्यात हे गृहस्थ रोगांची नोंदवही लिहीत. डोक्याला ओला पंचा, उजेडाकडे पाठ. डॉक्टरांनी मला अर्धशिशी ठरवून रजेच्या दाखल्यासाठी त्यांच्याकडे पाठवलं.

"कोणती बाजू? दाहिनी?" त्यांनी विचारलं. "आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या रेघा चमकतात?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली, तेवढ्यानंही कळ आली.

"छापील यादीत अर्धशिशी नाही," ते म्हणाले. "डोकेदुखीला तुमचे साहेब रजा देणार नाहीत. म्हणून सगळे ताप लिहून घेतात. मग दरबारला वाटतं, ग्वाल्हेरात अर्धशिशी कुणाला होतच नाही."

त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे त्यांनी स्वतः रूळ धरून एक रकाना आखला होता. वर ‘अर्धशिशी’, खाली एकच नाव.

"हे कोण?"

"मीच. तुमचं लिहू खाली? रजेचं मात्र सांगता येत नाही, भाऊसाहेब."

लेखणी दौतीत बुडवून ते थांबले. इतक्या आशेनं माझ्याकडे सासरीही कुणी पाहिलं नव्हतं.

"तापच लिहा," मी म्हणालो.

त्यांनी सुरेख अक्षरात ताप लिहिला, टीपकागद दाबला आणि वही हलक्या हातानं मिटली.