मोकळा कान
माझ्या हेडफोनच्या डाव्या गादीवर हळदीचा एक डाग आहे, तो काही केल्या जात नाही. झाशीजवळच्या बरुआसागरला तळ्याकाठी एका हळदीच्या कार्यक्रमात तो लागला, भर दुपारी, नवरीच्या मावशीने सगळ्यांबरोबर माझे, म्हणजे डीजेचेही गाल माखले तेव्हा. माझ्यासोबत नेहमीप्रमाणे झाशीचे एक म्हातारे ढोलवाले होते. बायका नाचायला लागल्या की त्यांचा हात आपसूक चढायचा, आणि मी एका कानाला हेडफोन लावून, मशीनवरची वेगाची पट्टी केसभर सरकवत गाणं त्यांच्या ढोलाशी जुळवत राहायचो. आठ वर्षं हे असंच चाललं होतं, एक शब्द न बोलता. त्या दिवशी मशीन नवं होतं. त्याचं एक बटण दाबलं की सगळी गाणी आपोआप एकाच ठेक्यात बांधली जातात. मी ते दाबलं आणि कचोरी खात उभा राहिलो. ढोल चढला, गाणं मात्र होतं तिथेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हात आवरला आणि शेवटपर्यंत मशीनच्या ठेक्यामागे वाजवत राहिले. नाचणाऱ्यांना काहीच कळलं नाही. ढोल गाडीत ठेवताना ते आपल्या बुंदेलीत एवढंच म्हणाले, "आज आपने हमाई सुनी नईं, भैया." मी हसलो, "चाचा, अब सब मशीन देख लेती है." पुढच्या लग्नाला ते आले नाहीत, नंतरही कधी नाहीत. आता माझा ठेका कधीच चुकत नाही. हेडफोन मात्र मी अजून एकाच कानाला लावतो. दुसरा ढोलासाठी मोकळा ठेवायची सवय काही गेलेली नाही.